शकुनची भेवाची पुस्तकं

शकुन खोब्रागडेला पालीचं भेव होतं. कुत्र्याचं होतं, ढगाच्या गडगडण्याचं होतं, एसटी उताराला लागली की ब्रेकचं होतं. हेडमास्तरांच्या चपला व्हरांड्यात वाजल्या की ती बाकाखाली आपलाच एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसायची. तिची आई आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि नर्सबाईची ही एकुलती एक पोरगी सुईचं नाव काढलं तरी पांढरी पडायची. "मले बम भेव लागते वं," हे दिवसातून वीस वेळा तिच्या तोंडी यायचं, आणि ते म्हणायची तिला काडीचीही लाज नव्हती. भीत तर आम्हीही होतो. आम्ही ते लपवायचो, एवढाच फरक.

आणि या पोरीनं आमच्या अख्ख्या दहावीला भेवाच्या पुस्तकांचं वेड लावलं. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. धानोऱ्याच्या पुढं, एसटीनं तास-दीड तास, आणि दोन्ही बाजूंना जंगल. एवढं पुरे. ऐंशीनंतरची वर्षं होती. जंगलवाले आले, जंगलवाले गेले, अशी नक्षल्यांबद्दलची कुजबुज तेव्हा नुकतीच सुरू झालेली. मग रस्त्यावर पोलिसांची चौकी बसली आणि मोठ्या माणसांची बोलायची रीतच बदलली. माझे बाबा वनखात्याच्या डेपोत कारकून होते. घरी आले की आधी दार लावायचे, मग बोलायचे. कोण कोणाकडं गेला हे विचारायचं नाही, पाहिलं तरी सांगायचं नाही, कोणाचं नाव कागदावर लिहायचं नाही. आम्ही पोट्टे हे सगळं ऐकायचो आणि विसरून जायचो. त्या वयात कोण लक्षात ठेवतं, सांगा!

शनिवारी शेवटच्या तासाला वैरागडे सर आम्हाला एकेकाला उभं करायचे. 'वाचलेलं पुस्तक' असा तो कार्यक्रम. आपण वाचलेलं पुस्तक वर्गाला सांगायचं, म्हणजे बाकीचेही वाचतील. आम्ही सगळे थोर पुरुषांची चरित्रं सांगायचो, एकही न वाचता. धड्यात जेवढं होतं तेवढंच घोळवून घोळवून. सर खिडकीबाहेर पाहत बसायचे. बिचाऱ्यांना सगळं माहीत होतं.

शकुनची पाळी आली तेव्हा तिनं बाक दोन्ही हातांनी धरला. आवाज इतका बारीक की मागच्या पोरांनी माना पुढं काढल्या.

"एक पोरगी हाय. आपल्याएवढीच. तिचे बाबा डाकबंगल्याचे चौकीदार हायेत. बंगला सा महिन्यापासून बंद हाय. चाबी बाबाच्याचजवळ हाय, दुसरी नाईच. एक दिवस बाबा तापानं पडले, तं ते पोरगी दुपारी कुलूप पुसाले गेली. कुलूप पुसून राह्यली, अन् आतून कोणंतरी खुर्ची सरकवली."

एवढं बोलून ती खाली बसली. घंटा झाली. शनिवारची घंटा, बरं का, जिच्यावर आम्ही सकाळपासून टपून असायचो. एकही पोट्टा उठला नाही.

"मग?" सर म्हणाले.

"पुढचं वाचा नं सर."

"अगं, पण आत होतं कोण?"

"मी सांगितलं तं तुम्ही कायले वाचसाल?"

सरांनी ते पुस्तक जप्त केलं. अवांतर वाचन म्हणजे हे नव्हे, असं पाच मिनिटं सांगितलं. सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं, डोळे जागरणानं सुजलेले. "असली पुस्तकं शाळेत आणायची नाहीत," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले आणि मग हळूच विचारलं, "अजून आहेत का?"

होती. तिचा मामा भद्रावतीला कारखान्यात होता. तिथल्या कॉलनीच्या वाचनालयातून फाटकी म्हणून काढून टाकलेली पुस्तकं तो गठ्ठा बांधून ओळखीच्या कंडक्टरकडं द्यायचा. गठ्ठा दोन गाड्या बदलून आमच्याकडं यायचा. बहुतेकांना पुठ्ठे नसायचे, नावंही नसायची. मग आम्हीच नावं पाडायचो. डाकबंगल्याचं पुस्तक, आंधळ्या टांगेवाल्याचं पुस्तक, डोहाचं पुस्तक.

शकुन कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायची. मी तिच्यावर चिडायचे. मजाच काय राहिली मग? तर म्हणायची, "मले शेवट मालूम पायजे. मंग मी निवांत भेते." आणि तो शेवट ती कोणाला म्हणजे कोणाला सांगायची नाही. पाया पडा, चिंचा द्या, शिव्या द्या. ओठ मिटून बसायची आणि डोळ्यांनी हसायची.

पुस्तक मागायला कोणी आलं की ती आधी विचारायची, "तुले काय्याचं भेव वाटते?" आई जशी दवाखान्यात पोटाला हात लावून विचारायची, अगदी तसं. मग गोळ्या दिल्यागत पुस्तक द्यायची. पाण्याला भिणाऱ्याला पाण्याचं द्यायची नाही. ज्याचा बाप दारू पिऊन घरी येतो त्याला दारावर थापा पडायचं पुस्तक द्यायची नाही. "त्याले घरीच भेव हाय, वरतून कायले द्याचं?" असा तिचा हिशेब. आणि हे सगळं ती कोणाला न दुखवता करायची, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या वर्गात बेबी होती, ढिवरांची. तिचे बाबा तलावावर जाळं टाकायचे. तिचा लहान भाऊ आदल्या पावसाळ्यात त्याच तलावात बुडून गेला होता. बेबीला डोहाचं पुस्तक पाहिजे होतं, सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. शकुन म्हणाली, "ते माह्याजवळ नाई वं, मामाकडं वापस गेलं." पुस्तक तिच्या दप्तरात होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं बेबीला रेल्वेच्या डब्यातल्या खुनाचं दिलं. आमच्याकडं रेल्वे कोणी पाहिलीच नव्हती, त्यामुळं ते भेव बेबीला मानवलं. मधल्या सुट्टीत मी शकुनला म्हटलं, "फोकनाडी, खोटं काऊन बोलली?" तर म्हणाली, "पुस्तकाचं भेव पुस्तक मिटलं का संपलं पायजे. नाई संपलं तं ते देऊ नये."

पंधरा वर्षांची पोरगी, बापा! मी अजून त्या वाक्यापाशी अडखळते.

आता चैतूचं सांगते. चैतू उसेंडी. जंगलात दोन तास चालत गेलं की त्याचं गाव. तेवढं चालून तो रोज शाळेत यायचा आणि तेवढंच चालून घरी जायचा. त्याच्या गावातून दहावीला बसणारा तो पहिला पोरगा. त्याची फी भरायला गावानं मोहाची फुलं विकली होती, हे वैरागडे सर दर महिन्याला आम्हाला सांगायचे. आम्हाला लाज वाटावी म्हणून. चैतूलाच लाज वाटायची. चैतू चालता चालता वाचायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तीच गोष्ट आपल्या लोकांना गोंडीत सांगायचा. एक दिवस शाळेत येऊन शकुनला म्हणाला, "माह्या गावातले विचारून राह्यले, खुर्ची कोणं सरकवली म्हणून. आजा म्हणते, उद्या पुढचं घेतल्याबिगर घरी येऊ नको."

शकुनचा चेहरा असा फुलला! आणि लगेच पडला. "काय गा चैतू, अख्खं गाव माह्या भरोशावर भेऊन राह्यलं?" म्हणाली. "काई वंगाळ झालं तं?"

तिला आनंदही असा काळजी लावूनच व्हायचा.

जानेवारीत अडचण आली. डाकबंगल्याच्या पुस्तकाची एकच प्रत, वाचायला टपलेले एकवीस जण, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. एकेकानं वाचायचं तर पाच जणांचंही झालं नसतं. तेव्हा शकुननं पुस्तक उसवलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांचं असतं, त्याला फर्मा म्हणतात, हे मामानं तिला शिकवलं होतं. सहा फर्मे निघाले. दवाखान्यातल्या जखमा शिवायच्या दोऱ्यानं तिनं एकेक फर्मा नीट शिवला आणि वर निळ्या पेन्सिलीनं आकडा टाकला. पहिला वाचून झाला की दुसऱ्याला द्यायचा, दुसरा आला की आपला पुढं सरकवायचा. एकाच वेळी सहा जण वाचणार. आसपासच्या चार गावची पोट्टी आमच्या शाळेत होती. एखादा आजारी पडला, सुट्टी पडली, तरी फर्मा गावोगाव परस्पर फिरायचा. फर्म्याच्या काठावर वाक्य अर्धंच तुटायचं आणि त्याचा उरलेला तुकडा दुसऱ्या गावात कोणाच्यातरी दप्तरात असायचा. त्या तुकड्यासाठी पोट्टे तळमळायचे.

आणि इथं मी शहाणपणा केला. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं. फळ्यावरचा सुविचार माझा, वार्षिक अहवाल माझा. मला गोंधळ खपायचा नाही. मी म्हटलं, कोणाकडं कुठला फर्मा, कुठल्या दिवशी कोणाकडं जाणार, याची यादी पाहिजे.

"तोंडीच राहू दे वं," शकुन म्हणाली. "लिहू नको."

"काऊन?"

"मले भेव लागते."

"तुले तं पालीचंबी लागते," मी म्हटलं.

मी यादी केली. नाव, गाव, वार, आकडा. पट्टीनं रेघा मारून. सहा प्रती काढल्या आणि प्रत्येक फर्म्याला एक टाचली. दिसायला इतकी देखणी झाली होती की मी ती वैरागडे सरांना दाखवणार होते. बरं झालं नाही दाखवली.

फेब्रुवारी संपत आला होता. परीक्षेला बारा-तेरा दिवस राहिलेले. एका सकाळी चैतू शाळेत आला नाही. मधल्या सुट्टीत बातमी आली की नाल्याच्या पुलावर पोलिसांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या थैल्या तपासल्या, आणि चैतूच्या थैलीत पानं सापडली. पुठ्ठा नाही, नाव नाही, मधूनच सुरू होणारी, मधेच तुटणारी पानं. त्यांत कोणीतरी कोणाला तरी लपवतं आहे. आणि त्याला टाचलेली यादी, तिच्यात चार गावं, वार, आकडे आणि एकवीस नावं. चैतूला चौकीत नेलं होतं.

 मी दप्तर उचललं.

मी घरी पळाले. बाबा जेवायला आलेले. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले, हात धुतला नाही, तसेच माझ्या दप्तरापाशी गेले. चौथा फर्मा त्या आठवड्यात माझ्याकडं होता. तो त्यांनी चुलीत घातला. वरची यादी आधी, मग पानं, एकेक, नीट जळेपर्यंत.

"अक्षर तुयं हाय हे कोणाले सांगशील तं याद राख," ते म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "मायी नवकरी जाईन. नवकरी तं जाऊ दे, मलेच नेतीन. गप बस."

माझे बाबा वाईट नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मीही त्यांचीच लेक.

थोड्याच वेळात दारात शकुन आली. धावत आली होती, छाती वरखाली होत होती. हातात तीन फर्मे, मागं बेबी, बेबीच्या हातात एक. वर्गातल्या दप्तरांतून आणि गावातल्या घरांतून गोळा करत आली होती. तिची आई धानोऱ्याला मीटिंगला गेलेली, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. म्हणजे तिला अडवणारंही कोणी नव्हतं आणि सोबत येणारंही.

"काका, चवथा फर्मा हाय नं इथी?"

"कायचा फर्मा?" बाबा म्हणाले. "आमच्याकडं काई नाई."

"काका, पूर्ण पुस्तक दाखवलं तं सोडतीन त्याले. त्याची दहावी हाय."

"सांगितलं ना पोरी, नाई म्हणून."

मी दाराच्या मागं उभी होते. शकुनच्या आणि माझ्यामध्ये दाराची एक फळी होती. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "बरं काका," आणि गेली. मी हाक मारायला पाहिजे होती. तोंडच उघडलं नाही.

पुढचं मला बेबीनं आणि वैरागडे सरांनी सांगितलं. सर शाळेतून सायकल घेऊन तिच्या मागं गेले होते. हेडमास्तरांचं म्हणणं होतं की दोन दिवस थांबू, वरून कोणाला तरी विचारू. दोन दिवस! चौकीसमोर चैतूचा बाप उकिडवा बसला होता, गमछा डोक्यावर, कोणाशी बोलत नव्हता. त्याला मराठी येत नव्हती, आणि आतल्या साहेबाला गोंडी येत नव्हती. नुसतं बसून राहणं त्याच्या हाती होतं, ते तो सकाळपासून करत होता.

साहेब तिकडचे, पश्चिमेकडचे. महिन्याभरापूर्वी आलेले. ओरडणारे नव्हते. सर म्हणायचे, तो माणूसही भ्यालेलाच होता, फक्त त्याच्या कमरेला पट्टा होता.

"ही यादी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माही," शकुन म्हणाली.

"तुझी? लिही मग." त्यांनी कागद पुढं सरकवला. "पहिली तीन नावं लिही."

शकुनचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.  साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि तिच्याकडं पाहिलं.

"खोटं बोलतेस. कोणी लिहिली?"

 कोणी लिहिली हे सरांना यादी पाहताच कळलं होतं. रोज फळ्यावर तेच अक्षर पाहत होते ते. पण तेही बोलले नाहीत. शकुनच बोलली.

"यादी कोणं लिहली ते जाऊ द्या साहेब. यादी काय्याची हाय ते पाहा. हे एक पुस्तक हाय. आमी एकमेकायले वाचाले देतो. हा पयला, हा दुसरा, हा तिसरा, हा सहावा. पाचवा तुमच्या हातात हाय, तो चैतूजवळ होता."

"आणि चौथा?"

"तो हरवला."

"नेमका तोच हरवला?"

"हो साहेब. माह्याकडूनच हरवला."

साहेबांनी तिसरा फर्मा चाळला, पाचवा चाळला. दोन्हींचा मेळ लागेना. तिसऱ्यात पोरगी बंगल्याच्या बाहेर होती, पाचव्यात भलतीच माणसं भलतंच बोलत होती. "ही एका पुस्तकाची पानं कशावरून?" ते म्हणाले. "चार ठिकाणची पानं आणून कोणीही शिवेल."

तेव्हा शकुन म्हणाली, "मी सांगते. चवथा फर्मा मी सांगते. तुमी पाचवा हातात धरा."

तिनं टेबलाची कड धरली, डोळे मिटले आणि सोळा पानं सांगितली. उभ्यानं. बेबी म्हणायची, आवाज सुरुवातीला फुटतच नव्हता, मग लागला. पोरगी मागच्या खिडकीतून आत कशी शिरते. धुळीत पाऊल उमटलेलं कसं दिसतं आणि ते तिच्याच पावलाएवढं कसं असतं. एकेक खोली, एकेक दार. दारावरचा शिपाई दोन पावलं आत आला तरी त्याला कोणी बाहेर हो म्हटलं नाही. अर्धा तास तरी ती बोलत असेल.

"मंग तिनं शेवटच्या खोलीचं दार ढकललं," ती म्हणाली. आता ती पुस्तकातलीच वाक्यं बोलत होती, जशीच्या तशी. "खोलीत कोणीच नव्हतं. फक्त टेबलावर..."

आणि थांबली. डोळे उघडले.

"आता तुमच्या हातातलं पयलं वाक्य वाचा साहेब."

साहेबांनी पाचव्या फर्म्याचं पहिलं पान वर धरलं. सर म्हणायचे, त्यांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

"चहाचा कप होता, आणि त्यातून अजून वाफ निघत होती."

 मग साहेबांनी पान खाली ठेवलं. विचारलं, "कप कोणाचा होता?"

"पोराले सोडा साहेब," शकुन म्हणाली. "मंग पूर्ण पुस्तक ठेवून घ्या अन् वाचा."

चार वाजता चैतूला सोडलं. पण मोकळं नाही. परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी चौकीवर येऊन हजेरी लावायची, वहीत अंगठा नाही तर सही करायची, मगच कुठं जायचं. त्याच्या बापानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जंगलाच्या वाटेला लागले. शकुन चौकीच्या भिंतीला धरून ओकली. बेबीनं तिचं डोकं धरलं, सरांनी पाणी आणलं. तिची बोबडी वळली होती, अर्धा तास ती नुसती 'घरी चाला, घरी चाला' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्या शेजारी बसले. आमचा बाक एकच. पहिल्या तासाला मान वर केली नाही. दुसऱ्या तासाला हिंमत करून म्हटलं, "शकुन, तो फर्मा..."

"मालूम हाय," ती म्हणाली. "दारातून वास येऊन राह्यला होता कागदाचा."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुह्या बाबाले भेव लागलं होतं." तिनं वही उघडली. "भेलेल्या माणसाले काय म्हणाचं?"

एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. तोंडात मारलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिनं यातलं काहीच केलं नाही, आणि मला तिच्या शेजारी बसवेना. तिसऱ्या दिवशी मी डोळ्यांचं कारण सांगून पुढच्या बाकावर गेले. परीक्षेच्या आधीचे ते दिवस आणि परीक्षेचे दिवस, मी तिच्याशी धड बोलले नाही. ती मला पाहून हसायची. मी पुस्तकात डोकं घालायचे. अपराध माझा, आणि तोंड चुकवत मीच फिरत होते. तिचं तोंड पाहवत नव्हतं, हे खरं.

बोर्डाचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. चैतू रोज उजाडता घरून निघायचा, चौकीवर सही करायचा आणि घंटेच्या आधी दहा मिनिटं फाटकात पोचायचा. शकुन फाटकापाशी उभी असायची. तो आला की आत जायची. एकेक पेपर असा पार पडत होता आणि आमच्या सगळ्यांच्याच जिवाला घोर होता. कोणी तसं बोलत नव्हतं, पण फाटकाकडं पाहिल्याशिवाय वर्गात कोणी जात नव्हतं. मधेच नर्सबाईंची बदली आली, थेट सिरोंच्याकडं. का आली कोणी विचारलं नाही. शेवटचा पेपर संपला की त्याच दुपारच्या गाडीनं मायलेकी निघणार होत्या. सामान आधीच बांधून झालं होतं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. मी ठरवून आले होते की आज पेपर सुटला की शकुनला सांगायचं, चुकलं माझं म्हणून. घंटा झाली. आम्ही आत बसलो. चैतू आला नव्हता. शकुनही आत आली नव्हती.

माझी जागा खिडकीशी होती. फाटक समोरच दिसत होतं. शकुन फाटकाच्या बाहेर, हातात कंपासपेटी, जंगलाच्या नाही, चौकीच्या रस्त्याकडं पाहत उभी. दुसरी घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्या. केंद्रप्रमुख व्हरांड्यात आले, आणि त्यांच्या आवाजानं भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

"ए मुली! आत ये. वेळ सुरू झाला."

"येते सर. तो येऊन राह्यला."

"कोण तो? त्याचं तो बघेल. अर्ध्या तासानंतर कोणालाच आत घेणार नाही. तुलाही नाही. कळलं?"

"कळलं सर," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मी पहिला प्रश्न लिहिला. वर पाहिलं. ती उभी. दुसरा लिहिला. ती उभीच, फक्त आता फाटकाची सळई हातात धरलेली. वैरागडे सर सायकलवर टांग टाकून चौकीकडं गेलेले दिसले. मला घड्याळाचा काटा दिसत होता. वीस मिनिटं झाली. बावीस झाली. मी उठून जाऊ शकत होते. नुसतं उठून तिच्या शेजारी उभी राहिले असते तरी माझं काय गेलं असतं? पाच मार्क? दहा? मी तिसरा प्रश्न घेतला.

पंचविसाव्या मिनिटाला धूळ उडाली. सायकल नव्हती, चैतू होता, पळत. चौकीत वही सांभाळणारा शिपाई नदीवर आंघोळीला गेला होता आणि वहीच्या पेटीला कुलूप लावून गेला होता. तो येईपर्यंत चैतू पायरीवर बसून होता. सायकलची चेन वाटेत पडली म्हणून सर मागं राहिले आणि पोराला म्हणाले, पळ. शकुननं त्याला काहीसुद्धा विचारलं नाही. पाठीवर हात ठेवून त्याला पुढं ढकललं, वर्गाच्या दारापर्यंत ढकलत नेलं, आणि मग तिलाही परीक्षा आहे हे आठवल्यासारखी आपल्या जागेकडं धावली.

चैतूला श्वास लागला होता. गमछ्यानं तोंड पुसून तो लिहायला लागला.

शकुनला पेनाचं टोपण निघेना. पर्यवेक्षकांनी येऊन काढून दिलं. तिनं पेन हातात धरलं, पण लगेच लिहिलं नाही. आधी मान वळवून चैतूकडं पाहिलं. तो लिहीत होता. मग तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. केस कपाळाला चिकटलेले, तोंड उन्हानं लाल. आणि ती हसली. मोकळं, सगळं पार पडलं असं हसली.

मी मान खाली घातली आणि चौथा प्रश्न लिहायला घेतला.